दुबईत सरकारी, उरणात खाजगी

प्रति,
मा. अध्यक्ष आणि बोर्डाचे सगळे सदस्य,
जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, शेवा, नवी मुंबई

प्रत: बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: १९९७ च्या टर्मिनल कराराला ३० वर्षं पूर्ण होतायत, पुढच्या कागदावर सही व्हायच्या आधी गावांशी बोलण्याबाबत.

महोदय,

पत्राची भाषा सरकारी नाहीये त्याबद्दल आधीच माफी मागते. दिवसभर ऑफिसात तसलेच कागद बनवते त्यामुळे घरी आल्यावर जमत नाही. मी एका सीएचएकडे, म्हणजे कस्टमची कामं करणाऱ्या एजंटाकडे, डॉक्युमेंटेशन बघते, बावीस वर्षं झाली. शिपिंग बिल, फॉर्म थर्टीन (कंटेनर बंदराच्या गेटातून आत न्यायचा कागद), सील नंबर, गेट कट-ऑफ, आणि कट-ऑफच्या पंधरा मिनिटं आधी येणारा पार्टीचा फोन की मॅडम गाडी पलस्प्याला अडकलीये काहीतरी करा. राहते उरणच्या द्रोणागिरी नोडमध्ये. माहेर इथलंच, ज्या गावांची जमीन बंदराला गेली त्यातलं एक. म्हणजे तुमच्या गेटवर दाखवायचे कागद मी बनवते आणि तुमच्या कपाटातल्या जुन्या यादीत प्रकल्पग्रस्त म्हणून माझ्या वडलांचं नाव आहे, दोन्हीकडून तुमचीच.

पत्र लिहायला कारण असं झालं की परवा डबा खाताना आमच्या ऑफिसातला एक जण सहज म्हणाला, पहिलं खाजगी टर्मिनल ९७ च्या कराराचं ना, तीस वर्षांचा होता, म्हणजे २०२७, मग आता पुढे काय, तेच राहणार का नवीन येणार? टेबलावर सात माणसं होती, सगळ्यांची मिळून शंभर वर्षांची सर्व्हिस असेल या लाइनीतली, एकालाही सांगता आलं नाही. घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मिठागरावर काम केलेले, आता गुडघ्यांमुळे ओट्यावर बसून असतात. ते म्हणाले, "बोर्ड बदलला, मालक बदलला, आपला काय बदलला?"

बाबांना हे जेवढं सहज बोलता आलं तेवढं मला येत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. तेव्हा सगळं सरकारचं होतं, चांगलं वाईट जे काय होतं ते आपल्या सरकारचं. १९९७ ला पीअँडओ या ब्रिटिश कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाबरोबर करार झाला आणि १९९९ ला देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल आपल्याकडे चालू झालं. त्याने काम सुधारलं हे मी स्वतःच लिहिते, कुणी म्हणायला नको की बाई नुसती रडगाणं गातेय. सीएफएसमधले (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांतले) जुने लोक सांगतात की आधी जहाजं बाहेर नांगर टाकून दिवसचे दिवस थांबायची. क्रेन चांगल्या आल्या, कॉम्प्युटर आले, गेटवर चिरीमिरी कमी झाली. आमच्या गावचा एक पोरगा आज क्यूसी, म्हणजे धक्क्यावरची मोठी क्रेन, चालवतो, पगार एक तारखेला, त्याच्या आईने घरावर दुसरा मजला चढवला.

२००६ ला दुबईच्या डीपी वर्ल्डने अख्खी पीअँडओच विकत घेतली, ६.८ अब्ज डॉलरला, आणि तिच्याबरोबर शेव्याचं टर्मिनल पण दुबईकडे गेलं. मी तेव्हा नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. मला हे कसं कळलं सांगू? टर्मिनलच्या नोटिशीवरचा लोगो बदलला. बस. आमच्या साहेबांनी सांगितलं की फाइलवर नवीन नाव लिहा, मी मार्करने लिहिलं, विषय संपला. त्याच महिन्यांत अमेरिकेत काय चाललं होतं ते मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. त्यांच्या पण सहा बंदरांतली टर्मिनलं याच सौद्यात दुबईकडे जात होती, तर तिथल्या खासदारांनी एवढी बोंब ठोकली की कंपनीला तो भाग सोडून द्यावा लागला. त्यांची बोंब बरीचशी अरब या शब्दावर होती आणि ती मला अजिबात पटत नाही, माझा दीर चौदा वर्षं दुबईत जेबेल अलीला आहे, त्याच्या पगारावर इकडे दोन लग्नं झाली. पण त्यांना निदान प्रश्न तरी विचारता आला की दुसऱ्या देशाचं सरकार आमच्या धक्क्यावर मालक म्हणून येतंय, त्याचा अर्थ काय? आम्हाला तो प्रश्न आहे हेच माहीत नव्हतं. मी मार्करची टोपी लावली आणि चहा प्यायला गेले.

मुद्दा तोच आहे. डीपी वर्ल्ड ही कंपनी आपण समजतो तशी खाजगी नाही. दुबई सरकारची आहे. २०२० ला तर शेअर बाजारातून पण बाहेर काढून घेतली, आता पूर्ण घरचीच. दुबईकडे तेल कमी, तर त्यांनी १९७९ ला जेबेल अली बंदर काढलं आणि मग तो धंदाच बाहेर न्यायचा ठरवला, त्यांच्या हुशारीला नमस्कार. चौथं टर्मिनल सिंगापूरच्या पीएसएकडे, ती टेमासेकची आणि टेमासेक सिंगापूरच्या अर्थखात्याची. (सिंगापूरला आता विकसनशील म्हणायचं का हा वाद पंडितांनी घालावा, आमच्या आजोबांच्या वेळेस तेही आपल्यासारखंच होतं.) चीनचं बघा, कॉस्को ग्रीसच्या पिरेयस बंदरात ६७ टक्के, चायना मर्चंट्स श्रीलंकेत हंबनटोटाला ९९ वर्षांसाठी, २०१७ पासून. कालपर्यंत ज्यांना गरीब देश म्हणायचे त्यांची सरकारं आता कंपन्या काढून दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर जातायत. पैसा स्वस्त मिळतो कारण मागे सरकार उभं असतं, आणि घाई नसते. दर तीन महिन्यांनी नफा दाखवला नाही तर शेअर पडेल ही भीती खाजगीवाल्याला, यांना वीस वर्षांनी फायदा झाला तरी चालतो. शिवाय फायदा म्हणजे फक्त पैसाच असतो असंही नाही.

आणि यात आपण पण आलो. त्याच्यावर पुढे येते.

आता तक्रारी. नंबर टाकून लिहिते म्हणजे उत्तर देताना सोयीचं पडेल.

पहिली. मालक सरकार आहे, पण कुठलं?

१९८४ ला १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघर-पागोटे भागात काय झालं ते तुमच्या ऑफिसातल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. दि. बा. पाटील साहेबांच्या मागे माणसं जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आली, गोळीबार झाला, पाच जण गेले. बाबा त्या गर्दीत होते, मी तेव्हा पाळण्यात. त्या पाच जणांच्या जीवावर साडेबारा टक्के आले, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना तर त्याचीही पत्रं १६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधान आले तेव्हा हातात पडली, तीस वर्षांनी, तोपर्यंत किती म्हातारे वर गेले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या वेळी ज्याच्याशी भांडायचं ते समोर होतं. सिडको इथे, कलेक्टर अलिबागला, मंत्री मुंबईत, निवडणूक पाच वर्षांनी. आम्ही ज्याला शिव्या दिल्या त्यालाच मत द्यायचं का नाही हे पण आमच्याच हातात होतं.

आज मी कुणाकडे मोर्चा नेऊ? टर्मिनलचा मालक दुबईचं सरकार आहे, तिथे मला मत नाही. मत तर दिराला पण नाही, चौदा वर्षं राहून. इथे माहितीचा अधिकार वापरायला जावं तर कायद्याने ती भारतात नोंदलेली खाजगी कंपनी. तुमच्याकडे अर्ज टाकावा तर कायद्यातच कलम आठ आहे, दुसऱ्याच्या धंद्याचं गुपित म्हणून माहिती नाकारायची सोय त्यात करून ठेवलीये. म्हणजे गंमत बघा, दुबईत सरकारी आणि उरणात खाजगी. कर्ज काढायला सरकारी, उत्तर द्यायला खाजगी. मी यांच्यावर फसवणुकीचा आरोप करत नाहीये, सगळं कायद्याने बरोबर आहे, म्हणूनच जास्त राग येतो.

नुसते हेच नाही म्हणा. २०२२ ला बंदराने स्वतः चालवत असलेलं शेवटचं कंटेनर टर्मिनल पण जे. एम. बक्षी आणि फ्रेंच सीएमएच्या जोडीला दिलं. एक डेन्मार्कवाल्यांचं आहेच. आता तुम्ही जमीनदार, ते कुळं. आमच्या आजोबांनी कुळकायदा पाहिलाय, त्यात कसणाऱ्याला जमीन मिळाली होती. इथे ज्याची जमीन तो गेटबाहेर.

दुसरी. हात कुणाचा गेला आणि सही कुणाची?

माझा धाकटा भाऊ लॅशिंगला होता. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, जहाजावर कंटेनर एकावर एक रचतात ते लोखंडी रॉडने आवळून बांधावे लागतात आणि उतरवायच्या आधी सोडावे लागतात. रॉड माणसापेक्षा उंच. रात्रपाळीला, पावसात, दोन कंटेनरच्या मधल्या दीड हाताच्या फटीत उभं राहून वर बघत ते काम करायचं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. कुठल्या टर्मिनलवर ते मी लिहीत नाही, कारण तो अजून याच लाइनीत काम करतो, आता टॅली करतो, म्हणजे डब्यांची मोजदाद लिहितो, डाव्या हाताने लिहायला शिकला.

त्यानंतरचे चार महिने मी कागद बनवले, मला कागद बनवता येतात एवढाच आमच्या घराचा आधार. टर्मिनल म्हणालं तो आमचा नाही, कॉन्ट्रॅक्टरचा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला त्या रात्री माणसं कमी होती म्हणून सब-कॉन्ट्रॅक्टरकडून घेतली, तो त्याच्या मस्टरवर. सब-कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस म्हणजे करळ फाट्याजवळचा एक गाळा, मी तीनदा गेले, तिसऱ्यांदा तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान लागलं होतं. गेटपास मात्र टर्मिनलचाच होता, त्याच्यावर भावाचा फोटो, तारीख, शिफ्ट, सगळं. तो गेटपास मी जपून ठेवलाय. माणूस आत सोडताना आमचा आणि बाहेर आणताना कुणाचाच नाही, हे कुठल्या फॉर्ममध्ये बसतं ते मला बावीस वर्षांत कळलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं पण नाही. मार्च २०२२ ला ब्रिटनमध्ये पीअँडओ फेरीजने, ती पण दुबईचीच, जवळजवळ ८०० खलाशांना आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवून एका दिवसात काढलं. तिथल्या पार्लमेंटने साहेबांना बोलावून उभं आडवं विचारलं. आमच्या भावाला तर व्हिडिओ पण नाही आला. पिरेयसला ऑक्टोबर २०२१ मध्ये धक्क्यावर एक कामगार मेला तेव्हा डॉक बंद पडला, संप झाला, चिनी सरकारी कंपनीला कामगारांशी बोलायला बसावं लागलं. ग्रीसवाले श्रीमंत आहेत म्हणून नव्हे, त्यांच्याकडे संप करायला एक युनियन आणि समोर एक मालक होता. आमच्याकडे अकरा महिन्यांचे करार आणि चार थरांचे कॉन्ट्रॅक्टर.

तिसरी. हिशेब.

चौथ्या टर्मिनलचं पहिलं टेंडर २०११ चं. सिंगापूरच्या पीएसएने एका भारतीय कंपनीला घेऊन बोली लावली, कमाईतले ५०.८२८ टक्के बंदराला देऊ. करार झालाच नाही, फिसकटलं. २०१४ ला परत टेंडर, परत पीएसए, आणि या वेळी ३५.७९ टक्के. बोली लावणारी तेव्हा एकच. शंभर रुपये कमवले तर आधी पन्नास रुपये त्र्याऐंशी पैसे बंदराच्या गल्ल्यात येणार होते, आता पस्तीस रुपये एकोणऐंशी पैसे येतात. पंधरा रुपये चार पैसे कमी. तुमच्याकडे याचं कारण असेल, बाजार बदलला, पहिली बोलीच अवाच्या सवा होती, ७९१५ कोटींचा प्रोजेक्ट रखडत होता. असेलही. पण आमच्या गावात एखाद्याच्या सामाईक आंब्याचा सौदा पन्नासचा पस्तीसला आला तर तो भावकीला ओट्यावर बोलावून सांगतो की का आला. आम्हाला कुणी ओट्यावर बोलावलं? सप्टेंबर २०२५ ला दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन दोन देशांच्या पंतप्रधानांनी दिल्लीतून ऑनलाइन केलं, ते मी मोबाइलवर बघितलं. उरणात बसून.

२०२४-२५ ला आपल्या बंदराने ७३ लाख टीईयू केले. वीस फुटी डब्यात मोजलं तर ७३ लाख डबे. रेल्वेने काही जातात, बाकीचे सगळे आमच्या दारावरून. जासई, करळ, गव्हाण फाटा, इथे संध्याकाळी पाच नंतर स्कूटी घेऊन निघालं की डावीकडे ट्रेलर, उजवीकडे ट्रेलर आणि मधे आपण, देवाचं नाव घेत. सर्व्हिस रोडवर उभ्या गाड्या, ड्रायव्हर बिचारे टायरच्या सावलीत स्टोव्ह मांडून बसलेले, त्यांना पण संडास नाही पाणी नाही. अटल सेतू झाला, लोकल उरणपर्यंत आली, चांगलंच झालं, पण ट्रेलर सेतूने चर्चगेटला जात नाहीत. हा रस्ता कुणाच्या कमाईतून नीट व्हायचा? दुबईच्या, सिंगापूरच्या का ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून?

चौथी, आणि ही मला सगळ्यात जास्त खुपते. चाबहार.

२०१५ ला इंडिया पोर्ट्स ग्लोबल नावाची कंपनी निघाली, इराणातलं चाबहार बंदर चालवायला. सुरुवातीला तिच्यात ६० टक्के वाटा आपल्या जेएनपीटीचा (याच बंदराचं तेव्हाचं नाव) होता आणि ४० टक्के गुजरातच्या कांडला बंदराचा. नंतर तो सागरमाला या केंद्राच्या बंदर योजनेच्या कंपनीकडे दिला. आमच्या ऑफिसात हे कुणाला सांगितलं की विश्वासच बसत नाही. म्हणजे जी खाजणं भरून धक्का बांधला, त्या धक्क्याच्या कमाईतून एक सरकारी कंपनी उभी राहिली आणि ती परदेशात बंदर चालवायला गेली. २०१६ ला तेहरानला सह्या, डिसेंबर २०१८ ला शहीद बेहेश्ती टर्मिनल हातात, मोबाइल क्रेन पाठवल्या, मे २०२४ ला दहा वर्षांचा करार, १२ कोटी डॉलर गुंतवायचे. सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतली सूट काढून घेतली, मग थोडी मुदत वाढवली. तर आपणही तेच करतोय जे दुबई करते. पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तानात पोचायचं हा त्याच्यामागचा हिशेब मला कळतो, मी त्याच्या विरोधात नाही, उलट पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली होती.

मग एक विचार आला आणि तो काही केल्या जात नाहीये. चाबहार म्हणजे बलुच लोकांचा मुलूख, किनारा आहे तिथे मासेमारी असणारच. तिथला एखादा कोळी असेल, त्याची होडी लागायची जागा टर्मिनलच्या कुंपणात गेली असेल नसेल मला माहीत नाही. पण त्याला काही विचारायचं झालं तर तो कुणाला विचारणार? समोर भारत सरकारची कंपनी. त्याला इथे मत नाही. तो पण त्याच्या बापाजवळ ओट्यावर बसून म्हणत असेल बोर्ड बदलला, मालक बदलला. त्याच्यासाठी दुबईवाले म्हणजे आपण. तर आपण तिथे त्याला काय कबूल केलंय? स्थानिक किती माणसं, कुणाच्या मस्टरवर, हात गेला तर सही कुणाची? मला ते वाचायचंय. दोन कारणांनी. एक म्हणजे आपण तिथे चांगलं वागत असू तर तीच कलमं इथे दुबईला आणि सिंगापूरला लावा. आणि वाईट वागत असू तर माझी तोंड वर करून हे पत्र लिहायची लायकी उरत नाही.

उरणच्या नागावला ओएनजीसीचा प्लांट आहे, तिथल्या शेजाऱ्यांकडून एक गोष्ट कळली ती इथे बसते. ओएनजीसी विदेशने जानेवारी २००९ ला सैबेरियात तेलविहिरींची एक कंपनी घेतली, इम्पिरिअल एनर्जी, दोन अब्ज डॉलरहून जास्त देऊन. तेल निघालं अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. पण कॅगने ताशेरे मारले, ते पेपरात आले, म्हणून माझ्यासारखीला आज ते माहीत आहे. आपली सरकारी कंपनी बाहेर जाऊन चुकली तर निदान आपला कॅग आहे. दुसऱ्याची सरकारी कंपनी आपल्याकडे येऊन चुकली तर तिचा कॅग कुठे बसतो?

पाचवी थोडक्यात. वाढवण. ७६,२२० कोटींचं बंदर, त्यात तुमचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा २६. पालघरचे कोळी बांधव विरोध करतायत, त्यांचं ते बघून घेतील, मी त्यांच्या वतीने बोलणार नाही. पण तिथे उद्या टर्मिनलं लावायला तुम्ही निघालात की रांगेत पुढे हीच सरकारं उभी असणार, पैसा त्यांच्याकडेच आहे. तेव्हा इथे जे चुकलं ते तिथल्या कराराच्या मसुद्यात आधीच नीट करून ठेवा.

कुणीतरी म्हणेल की मग काय, हाकलून द्या का यांना? नाही हो. जिबुतीने २०१८ ला तेच केलं, डोराले टर्मिनल डीपी वर्ल्डकडून रातोरात काढून घेतलं, कंपनी लंडनला लवादात गेली आणि बरेच निकाल तिच्या बाजूने लागले. सही केल्यावर हातपाय आपटायला फार पैसे पडतात. म्हणून मी सहीच्या आधी लिहितेय. तीस वर्षांत ही संधी एकदाच येते, पुढची येईल तेव्हा बाबा तर नसतीलच, मी पण ओट्यावर असेन, गुडघे धरून.

तर मागण्या.

१९९७ चा करार वाढवायचा असो, नवीन टेंडर काढायचं असो, बंदराने स्वतः चालवायचं असो, जे काय ठरत असेल त्याचा मसुदा सही व्हायच्या साठ दिवस आधी मराठीत जाहीर करा, आणि एक जनसुनावणी उरण तालुक्यात घ्या. बेलापूरच्या एसी हॉलमध्ये नको, बाबांना जिने चढवत नाहीत.

नवीन करारात असं कलम घाला की टर्मिनल कंपनी कुठल्याही देशाच्या सरकारची असेल तर तिने दरवर्षी एक पान द्यायचं: शेवटचा मालक कोण, बंदराला किती पैसे दिले, किती माणसं कायम आणि किती कॉन्ट्रॅक्टवर, त्यातली प्रकल्पग्रस्त गावांची किती, वर्षात किती अपघात झाले. धंद्याचं गुपित यात कुठेही येत नाही, मी स्वतः रोज यापेक्षा जास्त माहिती कस्टमला भरते.

मालकी बदलली, २००६ सारखी वरच्या वर, परदेशात कुठेतरी, तर इथे जाहीर नोटीस निघाली पाहिजे आणि बोर्डाची मंजुरी लागली पाहिजे. लोगोवरून कळायला नको.

ज्याच्या गेटपासवर माणूस आत गेला त्याची जबाबदारी. मधे कितीही कॉन्ट्रॅक्टर असू देत. एवढी एक ओळ करारात आली तरी माझा भाऊ म्हणेल दोन बोटं वसूल झाली.

प्रत्येक टर्मिनलचा एक माणूस, मराठी बोलणारा आणि निर्णय घ्यायचा अधिकार असलेला, आठवड्यातून एक दिवस उरणात बसवा. नुसता रिसेप्शनिस्ट नको.

बंदराला जो वाटा मिळतो त्यातल्या शंभरातला एक रुपया रस्ता, ट्रेलर पार्किंग, ड्रायव्हरांचे संडास आणि गावातल्या पोरांच्या क्रेन ट्रेनिंगसाठी वेगळ्या खात्यात टाका, आणि त्या खात्याचा हिशेब ग्रामसभेत वाचा. पन्नासचे पस्तीस चालले तर पस्तीसमधला हा एवढासा पण चालेल.

आणि चाबहारचा कागद. तिथल्या लोकांना आपण काय काय कबूल केलं, तो भाग मराठीत द्या. या मागणीवर आमच्या ऑफिसात सगळे हसले, म्हणाले तुला काय करायचंय इराणचं. मला करायचंय.

उत्तर ईमेलवर चालेल, पोस्टाने पण चालेल, फक्त "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे" एवढंच नको, ते वाक्य मला पाठ आहे. मसुद्याच्या मराठी भाषांतराला माणूस मिळत नसेल तर कळवा, सहानंतर मी मोकळी असते, टायपिंगचे पैसे घेणार नाही.

आपली,
डॉक्युमेंटेशनवाली, द्रोणागिरी नोड
(सोबत: गेटपासची झेरॉक्स, नाव आणि टर्मिनल खोडून)